‘लेडीज सोडून चढलीस कशाला?’

“मावशी, मी नाशिकरोडहून कल्याणला नोकरीला जाते. गेल्या महिन्यात महिला डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून जनरलमध्ये चढले. कसारा घाटात बोगदा लागला आणि मागच्या माणसाचा हात कमरेवर आला. मी गप्प राहिले. आई म्हणते, ‘लेडीज सोडून चढलीस कशाला?’ दादा म्हणतो, नोकरी सोड. चूक माझीच का?”

नाही गं बाळा. तुझी काडीइतकीही चूक नाही.

गप्प राहिलीस म्हणून स्वतःला खात असशील. अशा वेळी घशातून आवाजच फुटत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी नाशकात सीबीएसहून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, बसने सातपूरला जाताना मीही पर्स छातीशी धरून दोन स्टॉप आधी उतरले होते आणि उरलेली वाट रडत चालले. घरी कुणाला सांगितलं नाही. तू निदान आईला सांगितलंस.

आई भीतीपोटी बोलली, तिच्यावर रागावू नकोस. पण तिला समजावून सांग. मुंबईत १९९२ साली चर्चगेट-बोरिवली अख्खी महिला लोकल सुरू झाली, ती बायकांना धड प्रवास करता यावा म्हणून. त्यामुळे बाकीच्या गाड्या काही पुरुषांच्या नावावर झाल्या नाहीत. कायदाही तेच सांगतो. महिला डब्यात घुसणाऱ्या पुरुषाला रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण बाईच्या अंगाला असा हात लावला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग डबा कुठलाही असो.

पुन्हा असं झालं तर नुसतं ‘अहो’ म्हणू नकोस. ‘निळा शर्ट, हात काढा!’ असं मोठ्याने म्हण. शर्टाचा रंग सांगितला की डब्यातल्या माना बरोबर त्याच्याकडे वळतात. लगेच १३९ ला फोन लाव, डबा आणि पुढचं स्टेशन सांग. आवाज फुटलाच नाही तर शेजारच्या बाईचा हात धर, तिला कळतं. रोजच्या पासवाल्या बायकांशी ओळखी वाढव, जनरलमध्ये चढायची वेळ आली तर दोघीतिघी मिळून चढा.

आणि दादाला हे उत्तर वाचायला दे. नोकरी सोड म्हणण्यापेक्षा या रविवारी त्याने तुझ्याबरोबर नाशिकरोडच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात यावं. महिना उलटला म्हणून तक्रार शिळी होत नाही. तारीख, गाडी, डबा, आठवेल ते आजच कागदावर उतरवून ठेव.