वाचकांचे प्रश्न : हुकूम देणारे मोकळे का राहतात?

प्रश्न : इराकमधील अबू घ्रैब तुरुंगात कैद्यांचा छळ करणाऱ्या अमेरिकी सैनिकांना शिक्षा झाल्या, मंत्री आणि सेनापती मात्र मोकळे राहिले. ‘मी स्वतः हात उगारला नाही’ एवढे म्हणून वरिष्ठांना सुटता येते का?

उत्तर : कायद्याने सुटता येत नाही, आणि हे तत्त्व अमेरिकेनेच एका जपानी सेनापतीला फासावर चढवून रूढ केले. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये जपानी फौजेने युद्धकैद्यांवर व नागरिकांवर केलेल्या अत्याचारांचा हुकूम तोमोयुकी यामाशिता यांनी दिल्याचे सिद्ध झाले नव्हते; हाताखालच्या सैन्याला आवर घालण्याचे कर्तव्य त्यांनी पार पाडले नाही, एवढाच आरोप होता. फौजेशी संपर्क तुटल्याचा त्यांचा बचाव मनिलातील लष्करी आयोगाने मानला नाही आणि २३ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी याला कडाडून विरोध केला होता, व तो मला रास्त वाटतो. पुढे रोम संविधीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या कराराच्या, कलम २८ ने कसोटी नेमकी केली : लष्करी अधिकाऱ्याला गुन्ह्यांची माहिती होती किंवा असायला हवी होती, आणि तरीही त्याने ते रोखण्यासाठी अधिकारातील उपाय योजले नाहीत, हे दाखवावे लागते.

अमेरिकी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांचा संबंध तर याहून थेट होता. क्यूबातील ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तळावरील कैद्यांच्या चौकशीसाठी त्यांना सलग ४ तासांपर्यंत उभे ठेवण्यासारख्या उपायांना २ डिसेंबर २००२ रोजी मंजुरी देताना, ‘मी दिवसाला ८ ते १० तास उभा असतो, मग मर्यादा ४ तासांचीच का?’ अशा आशयाचा शेरा त्यांनी त्या कागदावर स्वहस्ते मारला. मंजुरी दीड महिन्यात मागे घेतली गेली. पण त्या धोरणाचे लोण इराकपर्यंत पोहोचले, असा निष्कर्ष सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने २००८ मध्ये काढला.

खटला मात्र उभा राहिला नाही. अमेरिका रोम संविधीची सदस्य नाही, जर्मनीत दाखल झालेली तक्रार तेथील सरकारी वकिलांनी २००७ मध्ये पुढे नेली नाही, आणि अमेरिकी लष्करी न्यायालये ज्या अधिकार-साखळीत बसतात तिच्यात राष्ट्राध्यक्षांच्या खालोखाल संरक्षणमंत्रीच असतो. एका सैनिकाला १० वर्षांची कैद झाली. इराकमधील अमेरिकी तुरुंगांच्या प्रमुख ब्रिगेडियर जनरल जेनिस कार्पिन्स्की यांची केवळ कर्नलपदावर पदावनती झाली. पीडितांच्या पदरात न्यायालयीन निकाल पडला तो २०२४ मध्ये, तोही दिवाणी दाव्यात : चौकशी अधिकारी पुरवणाऱ्या सीएसीआय या खासगी कंपनीने तीन इराकींना ४.२ कोटी डॉलर द्यावेत, असा कौल व्हर्जिनियातील ज्यूरीने दिला.