येशूने क्रूसावर बलिदान दिलं, मग ख्रिस्ती लोक त्याच्या पुनरुत्थानाला, म्हणजे मरणातून पुन्हा जिवंत होण्याला, एवढं महत्त्व का देतात?

कारण दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही.

येशूला क्रूसावर खिळलं ते जेरुसलेममध्ये, वल्हांडणाच्या सणात. इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाल्याची आठवण म्हणून यहुदी लोक त्या सणाला कोकरू कापत. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, त्याला ‘देवाचा कोकरा’ म्हटलंय ते याच परंपरेतून. पण इथे माणसाने देवाला काही वाहिलेलं नाही. देवानेच येशूच्या रूपात माणसाच्या पापासाठी स्वतःला दिलं, आणि तेही एकदाच. पुन्हा पुन्हा बळी देण्याची गरजच उरली नाही. मला ख्रिस्ती श्रद्धेतली सर्वांत हृदयस्पर्शी गोष्ट हीच वाटते.

मात्र गोष्ट तिथेच संपली असती तर रोमन सत्तेने मारलेला आणखी एक निरपराध माणूस, एवढंच उरलं असतं. इ.स. ५५च्या सुमारास येशूचा प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या ख्रिस्ती मंडळीला स्पष्ट लिहितो, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. हे उठणं, येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजरासारखं नव्हे. लाजर जिवंत झाला, पण पुढे मरणारच होता. येशूवर मरणाची सत्ता पुन्हा चालत नाही. आणि बलिदानाच्या खुणाही पुसल्या गेल्या नाहीत: थोमा या शिष्याला त्याने हातांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवले.