टँकची शेपटी वर का येते? साइडमाउंटवाल्यांचे प्रश्न

प्रश्न: साइडमाउंटचा, म्हणजे टँक पाठीवर न घेता दोन्ही कुशींना लावून डाइव्ह करण्याचा, कोर्स झालाय, ॲल्युमिनियमचे दोन टँक वापरतो. पाण्यात उतरतो तेव्हा टँक अंगाला छान चिकटून असतात पण अर्धी डाइव्ह झाली की दोन्हींची शेपटी, म्हणजे बुडाकडचं टोक, वर यायला लागते, बडी (डाइव्हमधला जोडीदार) म्हणतो मागून तू विमानासारखा दिसतोस. त्याच्याच सल्ल्याने कमरेला दोन किलो वेट वाढवलं तर आता पाय खाली जातात आणि टँक होते तसेच वर. काय करू?

उत्तर: आधी ते दोन किलो काढा. टँक वर येतोय आणि वजन तुम्ही स्वतःच्या कमरेला लावताय, टँकला त्याचं काय पडलंय!

तुमचा टँक बहुतेक 11.1 लिटरचा, 207 बार दाबाचा असणार, सगळीकडे तोच चालतो. पूर्ण भरलेल्या टँकमधल्या हवेचंच वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरतं. भरलेला असताना तो पाण्यात जेमतेम बुडतो, पण श्वास घेत घेत ती हवा संपत जाते आणि रिकामा होईपर्यंत तोच टँक साधारण दोन किलोने वर ढकलायला लागतो. वरचं टोक बंजीने (लवचिक दोरीने) धरलेलं, शिवाय तिथे व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरचं (ज्यातून श्वास घेतो त्याचं) वजन, म्हणजे उचलायला मोकळी राहिली ती शेपटीच. यात तुमची चूक काही नाही, ॲल्युमिनियम असंच वागतं. स्टीलचे टँक बहुतेक रिकामे झाले तरी बुडतेच राहतात त्यामुळे त्यांना मागे बट प्लेटला (हार्नेसच्या कमरेमागच्या प्लेटला) एकदा अडकवलं की विषय संपला.

तुम्हाला मात्र डाइव्हमध्येच स्नॅपची (टँकच्या बुडाकडच्या अडकवायच्या हुकची) जागा बदलावी लागेल. सुरुवातीला मागे बट प्लेटच्या रेलवर लावा आणि टँक हलका व्हायला लागला की स्नॅप काढून कमरेच्या पट्ट्यावरच्या पुढच्या डी-रिंगला (D आकाराच्या कडीला) लावा, शेपटी लगेच खाली बसते. पट्ट्यावर सरकणारी डी-रिंग असेल तर नुसती पुढे ओढली तरी भागतं. शेपटी पूर्ण वर येईपर्यंत थांबू नका, निम्मी हवा गेली की करून टाका, नंतर हात मागे वळवून स्नॅप शोधत बसणं वैतागाचं काम आहे, त्यात जाड ग्लोव्ह असले तर विचारूच नका.

आता बँड, म्हणजे टँकभोवतीचा स्नॅपवाला पट्टा, बघा. खालचा स्नॅप कमरेपाशी अडकलेला असतो, म्हणजे टँक किती पुढे बसणार हे स्नॅप आणि व्हॉल्व्हमधलं अंतर ठरवतं. व्हॉल्व्ह काखेत हवा. तो हनुवटीकडे सरकत असेल तर बँड व्हॉल्व्हच्या दिशेने दोन बोटं वर घ्या, काखेच्या मागे राहत असेल तर खाली. व्हॉल्व्हची चावी भलतीकडे वळत असेल तर बँड टँकभोवती थोडा फिरवून बघा. बंजी इतकीच ताणलेली हवी की व्हॉल्व्ह काखेत ओढून धरेल पण एका हाताने काढता येईल, सैल बंजीत व्हॉल्व्ह छातीखाली लोंबतो आणि मग लोक बँडला दोष देत बसतात. स्नॅप बँडला दोरीने बांधलेला असू द्या, धातूला धातू नको, अडकलाच तर दोरी कापता येते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

टँकच्या बुडाशी किलोभर वेट बांधणारेही आहेत. चालतं, पण टँक काढून पुढे धरायची वेळ आली की ते वजनही टँकबरोबर पुढे जातं आणि तुमचा तोल बदलतो. मला तो शेवटचा उपाय वाटतो.

प्रश्न: टँक आता बरोबर बसतात, पण हलायचं थांबलं की माझे पाय हळूहळू खाली जातात. फिन (पायातले पंख) बदलू का?

उत्तर: फिनचा खर्च नंतर करा. टँकमध्ये 50 बारच्या आसपास हवा उरली असताना पाचेक मीटरवर विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) जवळजवळ रिकामी करून आडवे व्हा, फिन अजिबात न हलवता अर्धा मिनिट थांबा आणि बडीला बाजूने फोटो काढायला सांगा. कमरेला वेट असेल तर ते मणक्यावरून वर, खांद्यांच्या दिशेने सरकवा, थोडं थोडं. गुडघे वाकलेले, मांड्या शरीराच्या रेषेत आणि नजर पुढे आहे ना तेही फोटोत दिसेल, बऱ्याच जणांची कंबरच मोडलेली असते आणि शिव्या मात्र हार्नेसला. गोड्या पाण्यात जमवलेलं वजन समुद्रात पुरणार नाही हेही लक्षात असू द्या, सगळं सामान धरून 100 किलो भरत असाल तर साधारण अडीच किलो जास्त लागतं.

प्रश्न: मी एका बाजूला कलते. उजवा टँक जड असतो का?

उत्तर: उजवा मुळात जड नसतो, तुम्ही डाव्यातूनच जास्त वेळ श्वास घेत असणार. दोन्ही टँकमध्ये 30 बारचा फरक पडला की हवेच्या वजनात जवळपास 400 ग्रॅमचा फरक येतो, कलायला तेवढा पुरतो. दोन्ही गेज बघत दर 30 बारला रेग्युलेटर बदलत जा. यात कलण्यापेक्षा मोठा मुद्दा असा की एका बाजूचा रेग्युलेटर बिघडलाच तर दुसऱ्या टँकमध्ये वर येण्यापुरती हवा असलीच पाहिजे.