‘स्मृती सुरक्षा असुरक्षितता’ की भेद्यता?

‘डिव्हाइस ड्रायव्हरमधील मेमरी सेफ्टी व्हल्नरेबिलिटी’ या संज्ञेचे ‘उपकरण चालकातील स्मृती सुरक्षा असुरक्षितता’ असे भाषांतर एका वाचकाला आढळले असून ते योग्य आहे का, अशी त्यांची पृच्छा आहे. (डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे संगणकाला एखादे उपकरण वापरता यावे यासाठीचा प्रोग्राम.) माझ्या मते ते योग्य नाही, आणि मुख्य घोटाळा ‘सुरक्षा’ या शब्दाचा आहे.

‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोहोंसाठी आपण सर्रास ‘सुरक्षा’ वापरतो. २००६चा ‘अन्न सुरक्षा व मानके कायदा’ अन्न खाण्यास निर्धोक असावे यासाठी आहे, तर २०१३चा ‘राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा’ ते गरजूंना स्वस्तात मिळावे यासाठी. नावांवरून हा भेद कळत नाही. ‘स्मृती सुरक्षा’ म्हटल्यावरही मेमरीवर कोणी पहारा ठेवला आहे असे वाटते. प्रत्यक्षात प्रोग्रामने स्वतःला दिलेल्याच जागेला हात लावावा, आणि तोही ती जागा त्याच्याकडे असेपर्यंतच, एवढाच हा दंडक आहे. त्यासाठी ‘मेमरी-सुरक्षितता’ म्हणावे. मात्र मग ‘व्हल्नरेबिलिटी’ला ‘असुरक्षितता’ म्हणता येत नाही, कारण दोन्ही शब्द एकमेकांना खोडतात.

तेथे ‘भेद्यता’ हा शब्द मला नेमका वाटतो. ‘अभेद्य तटबंदी’ आपण नेहमी म्हणतो, त्यामुळे ‘भेद्य’ कोणाला परका वाटणार नाही. ‘दोष’ पुरेसा नाही, कारण प्रत्येक दोषातून शत्रूला आत शिरता येतेच असे नाही. लिनक्स या संगणकप्रणालीत बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्याच्याच (कर्नलच्याच) अधिकाराने चालत असल्यामुळे तिथला लहानसा दोषही सबंध प्रणालीची भेद्यता ठरू शकतो. लिनक्सच्याच गाभ्यावर चालणाऱ्या अँड्रॉइडच्या ‘बाइंडर’ या, प्रोग्रामांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या ड्रायव्हरमध्ये असेच घडले होते: एका धाग्याचे (थ्रेडचे, म्हणजे प्रोग्राममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या एका कामाचे) काम संपल्यावर त्याची जागा मोकळी केली जाई, परंतु तिचा पत्ता दुसरीकडे शिल्लक राही आणि पुढे त्याच पत्त्यावर लिहिले जाई. या चुकीचा आधार घेऊन एखादे साधे ॲप फोनच्या गाभ्यावर ताबा मिळवू शकत होते. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या पथकाने ऑक्टोबर २०१९मध्ये ती उघड केली.

या प्रकाराला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. त्याचे ‘मुक्त स्मृतीचा पुनर्वापर’ हे भाषांतर दिशाभूल करते, कारण मोकळी जागा रीतसर पुन्हा घेऊन वापरणे हा दोष नव्हे. ‘सोडलेल्या जागेचा वापर’ म्हणावे. सोडलेल्या जागेवर हक्क उरत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

‘चालक’ मराठीत माणसाला म्हणतात, आणि ‘प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला’ असे सगळेच बोलतात, म्हणून ‘ड्रायव्हर’च ठेवावा. संपूर्ण संज्ञेसाठी ‘ड्रायव्हरमधील मेमरी-हाताळणीच्या दोषातून आलेली भेद्यता’ असे लिहिता येईल. कोणाला ‘स्मृती’च हवी असेल, तर समासात ती तत्सम पूर्वपद म्हणून ऱ्हस्व होते: ‘स्मृतिसुरक्षितता’, एका शब्दात.