दूध पातळ नाही, बाळ दमतंय

*"ताई, पहिलटकरीण आहे, यावल तालुक्यात माहेरी आहे. मुलगा 33 व्या आठवड्यात झाला, वजन 1 किलो 650 ग्रॅम. 16 दिवस काचेच्या पेटीत होता. घरी आणला तेव्हा 1 किलो 620 होता, आज 30 व्या दिवशी 1 किलो 830 आहे. पाच मिनिटं ओढतो आणि झोपतो. आजी म्हणते, पोऱ्या वाळी गया, तुझं दूध पातळ आहे, गाईचं दूध आणि घुटी चालू कर. काय करू?"*

ताई, आधी हिशेब करू. 14 दिवसांत 210 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 15. बाळ वाळलेलं नाही, वाढतंय. पण एवढ्याशा बाळाचं वजन किलोमागे रोज 15 ते 20 ग्रॅम, म्हणजे साधारण 25 ते 35 ग्रॅम वाढायला हवं. आजींची काळजी खरी आहे, फक्त त्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं आहे.

सुरुवातीचं दूध पातळच दिसतं, स्निग्ध दूध मागाहून येतं. पाच मिनिटांत दमणारं बाळ तिथवर पोचतच नाही. शिवाय अपुऱ्या दिवसांचं बाळ भुकेलं तरी रडत नाही, झोपून राहतं. म्हणून त्याच्या रडण्याची वाट न पाहता, घड्याळ लावून दर दोन तासांनी पाजा, रात्रीसुद्धा. त्याला दिवसाला अंदाजे 300 मिली दूध लागतं. बारा वेळांत वाटलं तर दर वेळी 25 मिली, म्हणजे औषधाच्या 5 मिलीच्या मापाने पाच मापं.

आधी अंगावर घ्या. झोपला की तळपाय चोळून जागं करा. तरीही ओढेना, तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. वाटी आणि चमचा 10 मिनिटं उकळलेले हवेत, हात साबणाने धुतलेले. दूध काढताना स्तनाच्या काळ्या भागामागे अंगठा आणि बोटं ठेवून आत, छातीकडे दाबा, मग सोडा. स्तनाग्र ओढू नका, दुखेल आणि दूधही येणार नाही. पाजताना बाळाला जवळजवळ उभं धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला चाटून घेऊ द्या. घशात ओतलं की ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जातं. अंगावर किती प्यालं ते कळत नाही, म्हणून काढलेलं दूध 10–15 मिलीपासून सुरू करा आणि नेमकं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 वर जातो, तेव्हा काढलेलं दूध कट्ट्यावर ठेवू नका. ताजं काढा, ताजं द्या.

गाईचं दूध या वयात मूत्रपिंडाला झेपत नाही. घुटीने पोट भरतं, वजन वाढत नाही, आणि सहाणेवरच्या पाण्यातून जुलाब लागतात. मध, गुळाचं पाणी, शेगडीची धुरी, तेही नको.

दिवसाचे जमतील तेवढे तास, निदान आठ, बाळाला उघड्या छातीशी उभं ठेवून सुती लुगड्याने बांधा. एका वेळी तासभर तरी. अंगावर फक्त लंगोट आणि टोपी, मान एका बाजूला, हनुवटी छातीवर दबलेली नको. ऊब राखण्यात जी शक्ती जाते ती मग वजनाला लागते. तुम्ही दमलात तर बाळाचे वडील किंवा आजी हे करू शकतात. उन्हाळ्यात वर गोधडी नको. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळ गारठलंय, अंग तापून घाम आला तर फार गुंडाळलंय.

वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करा, कपड्यांशिवाय, पाजण्याआधी. शेजारणीच्या बाळाशी तुलना नको. तुमच्या बाळाचे नऊ महिने भरायला अजून तीन आठवडे आहेत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच घ्यायच्या. ड जीवनसत्त्वाचे (रोज 400 युनिट) आणि लोहाचे थेंब घरी जाण्याच्या कागदावर लिहिलेत का, पाहा.

सलग दोन वेळा दूध घेतलं नाही, मिनिटाला 60 हून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 102 ला फोन करा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती मला सर्वांत मोठी वाटते. 34 आठवड्यांआधी किंवा 2 किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा 30 दिवसांच्या आत तपासायचा असतो. डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, पण आत पडद्यावर रक्तवाहिन्या चुकीच्या वाढलेल्या असू शकतात, आणि वेळ गेली की दृष्टी जाऊ शकते. तपासणी झाली नसेल, तर बाळ जिथे ठेवलं होतं तिथे आजच विचारा. पडद्याचे डॉक्टर जळगावला सांगितले तर उन्हाआधी निघा, बाळ छातीशी बांधलेलं असू द्या, आणि तपासणीच्या तासभर आधी पाजून घ्या.