कडा जांभळ्या का पडतात?

प्रश्न : वाड्यांचे चौक टिपायला लायका एम९ या डिजिटल कॅमेऱ्यावर फोक्टलेंडरची जुनी, स्क्रू-माउंटची १५ मिमी एफ/४.५ लेन्स अडॅप्टरने लावली. फोटोच्या कडा जांभळट येतात. लेन्स बिघडली आहे का?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : लेन्स ठणठणीत आहे. तिची मागची काच सेन्सरच्या फार जवळ जाते, त्यामुळे कडेला प्रकाश अगदी तिरका पडतो. फिल्मला ते चालायचं, सेन्सरला नाही.

उपाय फुकटातला आहे. फोटो डीएनजीमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. मग लेन्सवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा सपाट टेकवून, त्याच अ‍ॅपर्चरला (लेन्सचं छिद्र किती उघडं, तो एफ-आकडा), सारख्या उजेडात एक कोरी फ्रेम घ्या. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमधलं फ्लॅट-फील्ड करेक्शन ती वापरून रंग आणि कडांचा अंधार दोन्ही काढतं. अ‍ॅपर्चर बदललं की नवी कोरी फ्रेम. इथेच बहुतेक जण आळस करतात आणि मग सॉफ्टवेअरला दोष देतात. कोपऱ्यांतला धूसरपणा मात्र याने जात नाही. कृष्णधवल करणार असाल तर जांभळ्याची फिकीर सोडा.

ही लेन्स रेंजफाइंडरला, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या यंत्रणेला, जोडलेली नसते, म्हणून दोन प्रतिमा जुळवत बसू नका. अ‍ॅपर्चर एफ/८ आणि फोकस १ मीटरवर ठेवा. साधारण अर्ध्या मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. एम९ च्या फाइंडरमध्ये, म्हणजे बघायच्या खिडकीत, फोटोची हद्द दाखवणाऱ्या चौकटी २८ मिमीलाच संपतात, तेव्हा वेगळा १५ मिमीचा फाइंडर हवाच. कॅमेरा जरा वर झुकला की वाड्याचे लाकडी खांब आत कलतात.

याच लेन्सची २०१५ची तिसरी आवृत्ती डिजिटलसाठीच नव्याने आखलेली आहे, पण आधी अ‍ॅक्रिलिक करून पाहा.