व्हॅक्यूमची नळी बंद ठेवावी का?

प्रश्न : माझ्याकडे कार्ब्युरेटर आणि सीबी पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेली चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी आहे. हलक्या अॅक्सिलरेटरवर ती मिसिंग करत होती, म्हणून मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क पोहोचवणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी काढून बंद केली. मिसिंग थांबले, पण गाडी मंद झाली. तेव्हा त्यांनी टायमिंग थोडे पुढे घेतले, म्हणजे स्पार्क आधी पडेल असे केले. आता सपाट रस्त्यावर गाडी बरी ओढते, मात्र चढावर टकटक ऐकू येते आणि पेट्रोलही पूर्वीपेक्षा जास्त लागते. नळी पुन्हा जोडावी का?

उत्तर : जोडावी, परंतु त्याआधी पुढे घेतलेले टायमिंग मागे आणावे लागेल, कारण चढावरची टकटक आणि पेट्रोलचा वाढलेला खप या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

स्पार्क पडला की मिश्रण एका क्षणात जळून संपत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरण्यास वेळ लागतो आणि पिस्टन टॉपवरून (सर्वांत वरच्या जागेवरून) खाली निघाल्यानंतर साधारण १५ अंशांच्या आसपास दाब सर्वोच्च व्हावा, अशी अपेक्षा असते. म्हणून स्पार्क पिस्टन टॉपला पोहोचण्याआधीच द्यावा लागतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात जवळजवळ ५ अंश फिरतो, तर ३००० फेऱ्यांवर १८ अंश. वेगाबरोबर स्पार्क आणखी आधी देण्याचे हे काम डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा करतात.

पण वजनांना फक्त वेग कळतो, इंजिनावरचा भार कळत नाही. अॅक्सिलरेटर हलका दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे जाते, त्यात आधीच्या स्ट्रोकमधील जळलेल्या वायूचे प्रमाण जास्त असते आणि असे विरळ मिश्रण सावकाश जळते. त्याला स्पार्क आणखी आधी हवा असतो, आणि तो व्हॅक्यूमचा डायफ्राम (नळीतील व्हॅक्यूमने ओढला जाणारा पडदा) देतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांमधील) व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो आणि डायफ्रामने दिलेला अॅडव्हान्स (स्पार्क जितका आधी पडतो ते अंश) आपोआप मागे येतो.

समजा, आपल्या इंजिनाचे मूळ टायमिंग टॉपच्या आधी १० अंश आहे, ३००० फेऱ्यांवर वजने त्यात २४ अंशांची भर घालतात आणि हलक्या भाराला डायफ्राम आणखी १४ अंश देतो. म्हणजे सपाट रस्त्यावर ४८ अंश आणि त्याच वेगाला पूर्ण भारावर ३४. नळी बंद केल्यावर सपाट रस्त्यावरही ३४ अंशच उरले, म्हणून गाडी मंद झाली. मग मूळ टायमिंग १६ अंशांवर नेले, तर सपाट रस्त्यावर ४० झाले, म्हणजे तरीही ८ अंश कमी, आणि खप वाढला तो त्यामुळेच; चढावर मात्र प्रत्येक वेगाला ६ अंश जास्त झाले. आपल्याला ऐकू येणारी टकटक ती हीच. ती खपवून घेऊ नये, कारण तिच्यामुळे पिस्टनचा माथा, रिंगांच्या खाचा आणि हेड गॅस्केट यांचे नुकसान होते.

आता मूळ मिसिंगकडे वळू, कारण ते दुरुस्त झालेले नाही, केवळ झाकले गेले आहे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून नळीतून तोंडाने हवा ओढावी (नळीत पेट्रोलचा ओलावा असेल तर हातपंप वापरावा). पॉइंट बसवलेली प्लेट किंचित फिरली पाहिजे. नळीचे तोंड जिभेने बंद धरल्यास ती तिथेच थांबली पाहिजे आणि जीभ काढताच परत जागेवर आली पाहिजे. ती हळूहळू मागे सरकत असेल तर डायफ्राम फाटलेला आहे. मुळीच हलत नसेल तर प्लेट जाम असू शकते. प्लेट हलत असतानाच तिच्यापासून निघणाऱ्या बारीक, लवचीक तारेकडे नीट पाहावे. प्लेट फिरते तेव्हा दर वेळी ही तार वाकते, आणि वर्षानुवर्षे वाकून तिचे धागे आवरणाच्या आतच तुटतात. बाहेरून ती धड दिसते, पण हलक्या अॅक्सिलरेटरवर प्लेट फिरली की करंट तुटतो. नळी बंद केली की प्लेट हलत नाही आणि मिसिंग थांबते! आपल्या पत्रातील वर्णन या दोषाशी इतके जुळते की डायफ्राम बदलण्याआधी ही तार बदलून पाहावी, असे माझे मत आहे.

यानंतर टायमिंग लावावे. आधी पॉइंटचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गाडीच्या पुस्तकाप्रमाणे घ्यावा, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. टायमिंग लावून मग गॅपला हात लावल्यास सगळी मेहनत वाया जाते. इंजिन गरम असावे. नळी काढून तिचे टोक बंद करावे, नाहीतर तिथून हवा आत जाऊन आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते तो वेग) बिघडते. आयडल पुस्तकात दिले आहे तितकेच ठेवावे, म्हणजे वजने उघडणार नाहीत. टायमिंग लाइटचा (स्पार्कबरोबर चमकून क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूण दाखवणाऱ्या दिव्याचा) चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावून, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट जेमतेम सैल करून बॉडी फिरवावी : रोटरच्या उलट दिशेने फिरवल्यास टायमिंग पुढे जाते, त्याच दिशेने फिरवल्यास मागे येते. बोल्ट आवळताना बॉडी हमखास थोडी सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाहावे. मग रेस वाढवत न्यावी. खूण झटके न घेता पुढे सरकली पाहिजे. वजनांनी दिलेला अॅडव्हान्स पुस्तकात डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत दिला असेल तर त्याची दुप्पट करावी, कारण डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. शेवटी नळी जोडून २००० फेऱ्यांच्या आसपास पाहिले असता खूण आणखी पुढे गेलेली दिसली पाहिजे.

प्रश्न : व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरला जोडावी की मॅनिफोल्डला?

उत्तर : निर्मात्याने जिथे दिली असेल तिथेच. कार्ब्युरेटरवरचे छिद्र बंद थ्रॉटलच्या (अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) किंचित वर असते, त्यामुळे आयडलवर तिथे व्हॅक्यूम नसतो आणि अॅक्सिलरेटर थोडा दाबला की येतो. मॅनिफोल्डला मात्र आयडलवरही असतो. जागा बदलली तर आयडलचे टायमिंग आणि वेग दोन्ही बदलतात. हलका अॅक्सिलरेटर दाबून धावताना दोन्हीकडे व्हॅक्यूम जवळजवळ सारखाच मिळतो.

प्रश्न : टायमिंग लाइटमध्ये खूण बरोबर दिसते, तरी इंजिन तापते आणि ओढत नाही.

उत्तर : पुलीचे बाहेरचे कडे रबरावर बसवलेले असेल तर आधी खुणेवरच संशय घ्यावा, कारण रबर जुने झाले की कडे सरकते आणि खूण खोटी ठरते. पहिला प्लग काढून त्या जागी पिस्टन अडवणारा स्टॉप बसवावा आणि बॅटरीची वायर काढून क्रँक हाताने दोन्ही दिशांनी तो अडेपर्यंत हळूच फिरवावा. दोन्ही वेळा स्थिर दर्शकासमोर पुलीवर खडूने रेघ मारावी. खरा टॉप या दोन रेघांच्या बरोबर मध्ये असतो.